हत्तीपुढे टी. रेक्स

टायरॅनोसॉरस रेक्स आणि हत्ती यांची गाठ कधी पडलेली नाही आणि पडणारही नाही. टी. रेक्स ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला, आणि आज दिसतो तो हत्ती त्यानंतर फार उशिरा आला. डायनोसॉर तरी सगळे एका काळातले कुठे होते? पाठीवर हाडांच्या पाट्या मिरवणारा स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे काळाच्या हिशेबाने टी. रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा माणसाला जवळचा ठरतो. तरीही ‘डायनोसॉर आणि हत्ती समोरासमोर आले तर कोण जिंकेल?’ हा प्रश्न शाळेच्या बाकांपासून प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत विचारला जातो, आणि तो वाटतो तितका पोरकट नाही. मांडीच्या हाडावरून वजन काढता येते, जबड्यावरून चाव्याचा जोर, पायांवरून वेग. आणि हाडांवरच्या भरलेल्या जखमा त्या जनावराचा स्वभाव सांगतात. उत्तर अंदाजाचेच राहते, पण तो अंदाज हवेतला नसतो.

प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आखाडा असतो. दोन जनावरे, चारी बाजूंनी भिंत आणि पळायला वाट नाही. असे आखाडे माणसाने खरोखर बांधले होते. बडोद्याला गायकवाडांच्या काळी हत्तींच्या झुंजी लावल्या जात. मराठीत आज सत्तेच्या रस्सीखेचीला लागलेला ‘साठमारी’ हा शब्द त्याच खेळातला आहे. जावा बेटावरच्या राजदरबारांत वाघ आणि रेडा यांना एका पिंजऱ्यात सोडत, आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की बहुतेक वेळा रेडाच जिंकत असे. जंगलात वाघ रेड्याएवढी जनावरे मारतो हे खरे. पण ती तो गवतातून, मागून, स्वतःला सोयीच्या क्षणी मारतो. पिंजऱ्यात दबा धरायला जागा नसते आणि बेत फसला तर माघारही घेता येत नाही. दात आणि नखे तीच, डाव मात्र उलटतो.

म्हणून प्रत्येक जोडीला दोन उत्तरे द्यावी लागतात: एक झुंजीचे, दुसरे शिकारीचे. शिकारीत हल्ला करायचा की नाही हे शिकारी प्राणी ठरवतो, आणि बऱ्याचदा तो नाही असेच ठरवतो. पाय मोडलेल्या सिंहाला दवाखाना नाही. जखम म्हणजे उपासमार. बोत्सवानातल्या चोबे राष्ट्रीय उद्यानात, सावुती भागात, सिंहांचे कळप रात्री हत्ती मारतात हे नोंदलेले आहे. पण ते मारतात ती पिल्ले आणि अर्धवट वाढलेले हत्ती. भरातल्या नराच्या वाटेला सिंह सहसा जात नाहीत.

झुंजीत पहिला हिशेब वजनाचा. कुस्तीत वजनगट असतात ते उगाच नव्हे. आजच्या जमिनीवरचा सगळ्यात मोठा शिकारी म्हणजे ध्रुवीय अस्वल. त्याचा नर ३५० ते ७०० किलोंचा असतो. वाघाचा नर २०० किलोंच्या आसपास. टी. रेक्सचे वजन यांच्या दहा ते चाळीस पट होते. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला ‘सू’ नावाचा सांगाडा १२ मीटरहून लांब आहे आणि कमरेपाशी जवळपास ४ मीटर उंच. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये सापडलेल्या ‘स्कॉटी’चे वजन २०१९ साली मांडीच्या हाडाच्या घेरावरून सुमारे ८.८ टन काढले गेले. पद्धत बदलली की असे आकडे टन-दोन टन इकडेतिकडे होतात. भरल्या वाढीचा टी. रेक्स ६ ते ८ टनांचा धरला तर फारशी चूक होणार नाही.

इथे एक लबाडी नेहमी होते. टी. रेक्स घ्यायचा तो सापडलेल्यांतला सगळ्यात मोठा आणि हत्ती घ्यायचा तो सरासरी. आफ्रिकी हत्तीचा नर सरासरी ६ टनांचा आणि खांद्यापाशी ३.२ मीटर उंच असतो. पण अंगोलात १९५५ साली मारलेला, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या दर्शनी दालनात उभा असलेला हत्ती सुमारे ४ मीटर उंच आहे आणि जिवंतपणी त्याचे वजन १० टनांच्या पुढे असावे असा अंदाज आहे. स्कॉटीला गाठ घालायचीच तर ती या हत्तीशी घालावी. न्यायाची झुंज सरासरीची सरासरीशी, आणि तिथे दोघेही साधारण तुल्यबळ उतरतात.

वजन सारखे असेल तर प्रश्न हत्यारांचा. टी. रेक्सचे हत्यार एकच, पण त्याला तोड नाही. २०१२ साली संगणकावर उभारलेल्या जबड्याच्या प्रतिकृतीतून त्याच्या चाव्याचा जोर ३५,००० ते ५७,००० न्यूटन निघाला. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासाने तो ८,५०० ते ३४,५०० न्यूटनच्या दरम्यान ठेवला. एक टन वजनाचा दाब म्हणजे सुमारे ९,८०० न्यूटन, हे लक्षात घेतले की आकड्यांना अर्थ येतो. जिवंत प्राण्यांत प्रत्यक्ष मोजलेला सगळ्यात जबर चावा खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा, सुमारे १६,४०० न्यूटन. टी. रेक्सचे दात मुळासकट ३० सेंटिमीटरपर्यंत लांब होते आणि सुरीच्या पात्यासारखे चपटे नसून जाडजूड होते. हाडाला भिडून न मोडण्यासाठीच ती जाडी. मोंटानात सापडलेल्या ट्रायसेरॅटॉप्सच्या कमरेच्या हाडावर त्याने पाडलेली भोके आहेत. सस्कॅचेवानमध्ये सापडलेली, १९९८ साली वर्णन केलेली ४४ सेंटिमीटर लांबीची अश्मीभूत विष्ठा चुरलेल्या हाडांनी भरलेली निघाली. हा प्राणी मांसाबरोबर हाडही फोडून गिळत होता.

टी. रेक्स मेलेल्या जनावरांवरच जगत असे, असे काही काळ ठासून सांगितले जाई. तो वाद हाडांनीच मिटवला. अमेरिकेतल्या हेल क्रीकच्या खडकांत एका बदकचोच्या डायनोसॉरच्या शेपटीच्या मणक्यांत टी. रेक्सच्या दाताचा तुकडा रुतलेला सापडला, आणि त्याभोवती हाड नव्याने वाढलेले होते. मेलेल्या जनावराचे हाड वाढत नाही. म्हणजे चावा जिवंत जनावराला बसला होता, आणि ते निसटले होते. एका ट्रायसेरॅटॉप्सच्या कपाळाचे शिंग मोडलेले आणि त्यावरचे दातांचे व्रण भरून आलेले आहेत. हा नमुना हत्तीच्या प्रश्नासाठी जास्त मोलाचा. ट्रायसेरॅटॉप्स हत्तीएवढ्या वजनाचा, चार पायांवर भक्कम आणि पुढे जवळजवळ मीटरभर लांब शिंगे रोखणारा प्राणी होता. तो टी. रेक्सच्या तोंडाला तोंड देऊनही जगला. हत्तीशी झुंज म्हणजे टी. रेक्सला अगदीच अनोळखी प्रसंग नव्हे. त्या मापाच्या सावजांतच तो वाढला होता, आणि तिथेही दर वेळी त्याची सरशी होत नव्हती.

वेगाच्या बाबतीत चित्रपटांनी बरीच दिशाभूल केली आहे. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये टी. रेक्स जीपच्या मागे धावतो. २०१७ साली त्याच्या सांगाड्यावर केलेल्या संगणकी अभ्यासाचा निष्कर्ष असा की ताशी २० किलोमीटरच्या आसपासची चाल ही त्याची हद्द. त्यापुढे पायाच्या हाडांवर इतका ताण येई की ती मोडली असती. हत्तीही खऱ्या अर्थाने धावत नाही. चारी पाय एकदम जमिनीवरून उचलणे त्याला जमत नाही, तरी तो ताशी २५ किलोमीटरपर्यंत जातो. म्हणजे पाठलागाच्या शर्यतीत दोघांत फारसे अंतर नाही. वळण्यात मात्र लांब शेपटीच्या दोन पायांच्या जनावराची अडचण व्हावी असे वाटते. याच मापाच्या इतर शिकारी डायनोसॉरांपेक्षा टी. रेक्स लवकर वळू शकत असे, असे २०१९ च्या एका अभ्यासात दिसून आले, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

आता प्रत्यक्ष टक्कर. चिडलेला हत्ती सोंड आत वळवून, डोके खाली घालून थेट अंगावर येतो. आधी कपाळाची आणि सुळ्यांची धडक, मग पडलेल्यावर गुडघा टेकून चेचणे, ही त्याची रीत. टी. रेक्सचा सगळा भार दोन पायांवर आणि तोल कमरेशी. चार मीटर उंचीची कंबर धडकेने एका बाजूला गेली तर सहा टनांचे शरीर आडवे होणार, आणि सावरायला पुढे आहेत ते मीटरभर लांबीचे दोन बोटांचे हात. छातीच्या फासळ्या तिथेच मोडतात. ‘सू’च्या काही फासळ्या मोडून पुन्हा जुळलेल्या आहेत. अशा माराने हे जनावर हमखास मरत नसे, एवढे त्यावरून म्हणता येते. पण मोडल्या फासळ्यांनी त्याच दिवशी पुन्हा उठून हत्तीवर जाणे वेगळे.

उलट बाजूने पाहिले तर टी. रेक्सला समोरून जायची गरज नाही. त्याचे डोके हत्तीच्या पाठीच्या वर पोहोचते, डोळे बरेचसे पुढे रोखलेले असल्याने अंतराचा अंदाज चांगला, आणि जवळजवळ दीड मीटरची कवटी पुरती उघडली की हत्तीचा कणा किंवा मागची मांडी तिच्यात मावते. हत्तीची दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची कातडी इथे काहीच कामाची नाही. मांडीचे हाड फुटले की हत्ती संपला, कारण तीन पायांवर सहा टन पेलत नाहीत. हत्तीची मान आखूड, त्यामुळे कडेला चिकटलेल्या शत्रूपर्यंत सुळे पोहोचवायचे तर त्याला सगळे अंग फिरवावे लागते.

मोकळ्या मैदानातल्या झुंजीत, सारख्या वजनाच्या जोडीत, टी. रेक्सचे पारडे थोडे जड मानावे लागते. कारण साधे आहे. त्याचा एक नीट बसलेला चावा प्रकरण संपवतो. हत्तीची एक धडक ते बहुधा संपवत नाही, दुसरी लागते. पण पहिला वार हत्तीचा पडला किंवा हत्ती खऱ्या मापाचा, मदाला आलेला नर असला तर हे पारडे फिरते. मस्तावलेला हत्ती काय करतो याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग अभयारण्यात सापडते. १९९० च्या दशकात तिथे अनाथ म्हणून वाढलेल्या तरुण नर हत्तींनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. खाण्यासाठी नव्हे, जागेसाठी नव्हे. अकाली आलेल्या मदाच्या भरात. १९९८ साली क्रूगर उद्यानातून सहा वयस्क नर आणून सोडले तेव्हा तरुणांचा मद ओसरला आणि गेंड्यांचे मरण थांबले. हत्ती गवत खातो म्हणून तो बचावापुरताच लढतो ही समजूत त्या गेंड्यांना पटली नसती.

शिकारीचे उत्तर मात्र निराळे आणि बरेच सोपे. पोट भरायला निघालेला टी. रेक्स भरातल्या सुळेवाल्या नराकडे वळण्याचे कारणच नाही. सावुतीचे सिंह करतात तेच त्याने केले असते: कळपाच्या कडेचे पिल्लू, म्हातारी मादी, लंगडणारा हत्ती. आणि तिथे त्याला एक हत्ती नव्हे तर हत्तिणींचा कळप भेटला असता. संकटात माद्या पिल्लांना मध्ये घेऊन तोंडे बाहेर करून उभ्या राहतात. तीन-तीन टनांच्या आठ-दहा माद्यांची ती भिंत फोडायला एकट्या टी. रेक्सला मोठी हिंमत लागली असती. शिवाय दोघेही एकमेकांना नवखे. पूर्वी कधी न पाहिलेले अवाढव्य धूड समोर आले की जनावरे सहसा लढत नाहीत, मागे सरतात. खरी भेट झाली असती तर बहुधा प्रचंड डरकाळ्यांच्या आणि चीत्कारांच्या देवाणघेवाणीवरच मिटली असती, अर्थात टी. रेक्स डरकाळी फोडत होता असे धरले तर.

हत्ती वगळला की जमिनीवरच्या इतर बड्या प्राण्यांचा निकाल लवकर लागतो. पांढऱ्या गेंड्याचा नर दोन-सव्वादोन टनांचा, तो टी. रेक्सपेक्षा वेगवान आहे आणि धडकेत निर्भय आहे. पण त्याचे शिंग पोहोचते ते टी. रेक्सच्या गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत. तिथली जखम वाईटच, पण त्याच वेळी गेंड्याची पाठ उघडी पडते आणि वरून जबडा येतो. काझीरंगाचा एकशिंगी गेंडा तर भांडताना शिंगापेक्षा खालच्या जबड्याचे धारदार दात जास्त वापरतो. त्यासाठी त्याला आणखी जवळ जावे लागेल. पाणघोड्याचे सुळे अर्धा मीटर लांबीचे होतात आणि तोंड प्रचंड उघडते. पाण्यात तो कोणालाही जड जाईल, काठावर नाही. रेडा आणि गवा हे टनभराचे गडी. चपळाईने ते निसटू शकतात; सापडले तर एकाच चाव्याचे धनी. एकूण, तीन टनांच्या आतल्या कोणत्याही आजच्या जमिनीवरच्या प्राण्याला टी. रेक्सपुढे पळ काढणे हीच खरी चाल, आणि सुदैवाने त्यातले बहुतेक त्याच्यापेक्षा जोरात पळतात.

सगळे मोठे मांसाहारी डायनोसॉर मात्र टी. रेक्सच्या धाटणीचे नव्हते. अ‍ॅलोसॉरस हा त्याच्या आधी सुमारे आठ कोटी वर्षे होऊन गेलेला शिकारी, साडेआठ मीटर लांब, दीड ते दोन टनांचा. वजनात तो आजच्या पाणघोड्याच्या किंवा गेंड्याच्या बरोबरीचा. २००१ साली त्याच्या कवटीचा अभियांत्रिकी पद्धतीने अभ्यास झाला तेव्हा एक कोडे पुढे आले. जबड्याच्या स्नायूंनी मिळणारा चावा जेमतेम २,००० न्यूटनचा, म्हणजे सिंहापेक्षाही कमी. पण कवटी त्याच्या वीस-पंचवीस पट जोर सोसण्याइतकी मजबूत. त्यावरून सुचवले गेले की अ‍ॅलोसॉरस चावत नसे, वरचा जबडा कुऱ्हाडीसारखा सावजावर हाणत असे आणि मानेच्या जोराने मांस ओरबाडून मागे सरत असे. चाव्याचा आकडा पुढच्या काही अभ्यासांत वाढला, पण दात बारीक, करवती धारेचे, कापणारे आहेत याबद्दल वाद नाही.

या पद्धतीचा जवळचा जिवंत नमुना म्हणजे इंडोनेशियातली कोमोडो घोरपड. तिचेही दात करवती, आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या म्हशीला चावून मागे राहते आणि जनावर लुळे पडेपर्यंत त्याच्या मागावर राहते. अ‍ॅलोसॉरसला पाणरेडा किंवा गवा मारायचा असता तर त्याने असेच केले असते: कमरेवर, कुशीत एक खोल चीर, मग माघार, मग वाट पाहणे. बंद आखाड्यात या पद्धतीला वेळ मिळत नाही. जखमी रेडा रक्त जाऊन पडण्याआधी शिंगे घालतो, आणि शिंगांचा मार अ‍ॅलोसॉरसला नवा नव्हता. त्याच्या शेपटीच्या एका मणक्याला स्टेगोसॉरसच्या शेपटीच्या काट्याने पाडलेले भोक आहे. वायोमिंगमध्ये १९९१ साली सापडलेल्या ‘बिग अल’ नावाच्या तरुण अ‍ॅलोसॉरसच्या अंगावर मोडलेल्या आणि सडलेल्या हाडांच्या डझनभराहून जास्त खुणा आहेत. त्यातली पायाच्या बोटाची जखम चिघळून तो मेला असावा. शिकाऱ्याचे आयुष्य कसे जाते याचे यापेक्षा स्पष्ट दस्तऐवज थोडे. अर्जेंटिनात सापडलेला, १९९५ साली नाव मिळालेला जायगानोटोसॉरस हा याच कापणाऱ्या घराण्याचा, पण टी. रेक्सएवढा लांब. हत्तीला तो टी. रेक्सइतका झटपट मारू शकला नसता. हत्तीला धडक द्यायला वेळ मिळाला असता, आणि म्हणून त्या झुंजीत हत्तीवर पैज लावणे शहाणपणाचे.

लहान शिकाऱ्यांबद्दलचा गैरसमज सगळ्यात मोठा. चित्रपटात माणसाच्या उंचीचा दिसणारा व्हेलॉसिरॅप्टर प्रत्यक्षात १५ ते २० किलोंचा, शेपटीसह दीड-दोन मीटर लांब होता. उंचीने टर्कीएवढा, आणि पिसांचाही. २००७ साली त्याच्या हाताच्या हाडावर मोठी पिसे जिथे रुजतात तशा गाठी सापडल्या. वाघापुढे तो उभाच राहणार नाही; बिबट्यालाही तो सावज वाटला असता. पण डायनोसॉरांच्या झुंजीचा आजवर सापडलेला सर्वांत बोलका पुरावा त्याचाच आहे. १९७१ साली पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेला गोबी वाळवंटात व्हेलॉसिरॅप्टर आणि प्रोटोसेरॅटॉप्स एकमेकांत गुंतलेले मिळाले. व्हेलॉसिरॅप्टरच्या पायाचे विळ्यासारखे नख दुसऱ्याच्या गळ्याशी, आणि त्याचा उजवा हात प्रोटोसेरॅटॉप्सच्या चोचीत. वाळू वरून कोसळली आणि दोघेही तसेच राहिले. कोण जिंकत होते हे सांगता येत नाही. प्रोटोसेरॅटॉप्स वजनाने भारी होता, आणि हात चोचीत अडकलेल्या शिकाऱ्याला सुटकेचा मार्ग नव्हता.

ते विळ्यासारखे नख पोट फाडण्यासाठी असावे असे पूर्वी मानत. यांत्रिक पाय बनवून प्रयोग केले तेव्हा नख मांसात घुसते, पण चिरत नाही, असे दिसले. आता जास्त पटणारी कल्पना अशी की ससाणे आणि गरुड पायांनी सावज दाबून धरतात तसे हे प्राणी धरत आणि वरून चोच मारावी तसे खात. हे खरे असेल तर व्हेलॉसिरॅप्टरचा मोठा भाऊबंद डायनॉनिकसही स्वतःपेक्षा लहान जनावरेच पसंत करत असणार. मोंटानात १९६४ साली सापडलेला आणि जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ साली जगापुढे आणलेला हा प्राणी सुमारे ७० किलोंचा, म्हणजे मोठ्या बिबट्याएवढा. बिबट्याशी त्याची झुंज बरोबरीची म्हणता येईल. दोघेही पकडून धरणारे, पण बिबट्याला चार पंजे आणि गळा आवळण्याची कला, तर डायनॉनिकसला दोन हात, दोन नखे आणि ताठ शेपटीचा तोल. वाघाशी मात्र नाही. दोनशे किलोंचा वाघ एका झेपेत त्याचा कणा मोडेल. डायनॉनिकसचे टोळके एकत्र शिकार करत असे, असा ऑस्ट्रॉम यांचा अंदाज होता, आणि तसे असते तर वाघाचीही पंचाईत झाली असती. पण लहान आणि मोठ्या डायनॉनिकसच्या दातांचे रसायन तपासले तेव्हा दोघांचा आहार वेगळा निघाला. आई-बापांनी मारलेले पिल्लांनी वाटून खाल्ले असते तर तसे झाले नसते. लांडग्यांसारखी शिस्त त्यांच्यात नव्हती असेच त्यावरून वाटते. याच घराण्यातला सर्वांत मोठा युटाहरॅप्टर अस्वलाच्या वजनाचा होता. ग्रिझली अस्वलाशी त्याची गाठ हीच कदाचित या सगळ्या यादीतली सगळ्यात अटीतटीची जोडी, आणि इथे प्रामाणिक अंदाज बरोबरीचाच द्यावा लागतो.

पाण्याच्या काठावर स्पायनोसॉरस येतो. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ साली इजिप्तमधल्या हाडांवरून त्याला नाव दिले. ती हाडे १९४४ साली म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली आणि मोरोक्कोत नवे सांगाडे मिळेपर्यंत हा प्राणी जवळजवळ दंतकथाच होता. लांबी १४ मीटरच्या आसपास, पाठीवर उंच शिड, जबडा सुसरीसारखा अरुंद आणि दात निमुळते, खाचा नसलेले. ते मासे पकडायला उत्तम, पाणघोड्याची पिंपासारखी छाती फोडायला निरुपयोगी. लांबी-वजनाने तो पाणघोड्याच्या किती तरी पुढे, पण पाणघोड्यांच्या कळपात शिरून त्याला फायदा काहीच नव्हता. फिलिपिन्समध्ये २०११ साली पकडलेली ‘लोलाँग’ ही मगर ६.१७ मीटर लांब आणि सुमारे १,०७५ किलोंची होती. तसली मगर उथळ पाण्यात स्पायनोसॉरसचा पाय किंवा मान धरू शकली असती, तिला मारण्यापेक्षा टाळणेच त्याने पसंत केले असते. मगर-डायनोसॉर सामना तर नुसता कल्पनेतला नाही. टी. रेक्सच्या काही काळ आधी उत्तर अमेरिकेत डायनोसुकस नावाची अवाढव्य मगरकुळातली जात होती, आणि डायनोसॉरांच्या हाडांवर तिच्या दातांचे ठसे मिळालेले आहेत.

भारतातही अशी जोडी लावता येते, आणि तिची भूमी महाराष्ट्रापर्यंत येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगाव आणि पिसदुरा परिसरात दख्खनच्या लाव्हाथरांशी निगडित असे लमेटा खडक आहेत. डोंगरगावला मिळालेल्या हाडांवरून आयसीसॉरस हा लांब मानेचा प्रचंड शाकाहारी डायनोसॉर ओळखला गेला, आणि पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्यामुळे डायनोसॉरांच्या काळी गवत होते हे २००५ साली कळले. याच लमेटा खडकांत, गुजरातच्या खेडा भागातल्या रहियोलीला, राजासॉरस नर्मदेन्सिस सापडला. हाडे १९८० च्या दशकात गोळा झाली, नाव २००३ साली पडले. साडेसहा मीटरच्या आसपास लांब, कपाळावर बुटके शिंग, आखूड उंच तोंड आणि टी. रेक्सलाही लाजवतील असे खुरटे हात ही त्याच्या अ‍ॅबेलिसॉर घराण्याची ठेवण.

चंद्रपूरच्या त्याच मातीत आज ताडोब्याचे वाघ गवे मारतात. गव्याचा नर टनभराचा होतो आणि वाघ त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याचा; वाघ जिंकतो तो गळा धरून, सोडायला नकार देऊन. अ‍ॅबेलिसॉरांचे मादागास्करमधले चांगले जपलेले सांगाडे पाहिले तर जाड मान, रुंद तोंड आणि आखूड दात हीच ‘धरून ठेव’ पद्धत सुचवतात. म्हणजे गव्यापुढे राजासॉरस वाघासारखाच वागला असता, फक्त वजनाने गव्यापेक्षा भारी असल्यामुळे त्याला दबा धरण्याची तेवढी गरज नव्हती. एकट्या गव्यावर त्याची सरशी ठरलेली. चार टनांचा भारतीय हत्ती मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचा: हत्तीच्या गळ्याला किंवा सोंडेला तो लटकला असता तर हत्तीने त्याला झाडावर आपटले असते. आयसीसॉरससारख्या महाकाय जनावरांच्या बाबतीतही त्याचा नेम बहुधा पिल्लांवर आणि अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांवर असे. लमेटा खडकांत अशा अंड्यांची घरटी शेकड्यांनी मिळाली आहेत.